बाबांना घेऊन येतो

सोमवार, ४ ऑगस्ट. बसमध्ये.
मोहीम सुरू. बाबांना धरणावरून घरी आणायचं. रिटायर होऊन जमाना झाला, तरी गृहस्थ त्या जंगलातल्या क्वार्टरमध्येच ठाण मांडून बसलेत. बहिणीला जमलं नाही, काकांनी हात टेकले. मला जमेल, कारण माझ्याकडे पेशन्स आहे. (ऑफिसात फाइल फेकली तो अपवाद. फाइल हलकी होती.) साहेबांनी स्वतःहून रजा दिली. हवी तेवढी घ्या म्हणाले. कामाची कदर असलेला माणूस.
हिने बॅग भरून दिली. चार दिवसांसाठी एवढे शर्ट? बायकांना अंदाज नसतो.
संकल्प: पहाटे पाचला उठणे. चहा एकदाच. आवाज चढवायचा नाही.

मंगळवार, ५ ऑगस्ट
पोचलो. पाऊस. जंगल इतकं दाट की भरदुपारी जीपवाल्याने दिवे लावले. मग एकदम झाडं संपतात आणि नजर पोचेल तिथवर धरणाचं पाणी. मधोमध वाळकी झाडं उभी आहेत. धरण भरलं तेव्हा बुडाली, पण पडायचं राहून गेलं. खालून पॉवरहाउसची घरघर, घोरणाऱ्या माणसाशेजारी झोपल्यासारखी. बूट काढले तर आत जळू. दोन्ही बुटांत.
आता सगळं शहरात बसून बटणांवर चालतं, त्यामुळे कॉलनी रिकामी आहे. क्वार्टरच्या बदल्यात बाबा रोज होडीने जातात आणि पाणी जिथून पॉवरहाउसात शिरतं त्या जाळीवरचा पालापाचोळा, ओंडके काढतात. या वयात!
दुसऱ्या खाटेवर माझ्यासाठी धुतलेली चादर घातली होती. उशाशी पाण्याचा तांब्या. म्हातारे एकटे पडले की असे हळवे होतात. आजच विषय काढणार होतो. झोप लागली.

बुधवार, ६ ऑगस्ट
पाचला उठलो नाही. दहाला उठलो. प्रवासाचा शीण. बाबा जाळी साफ करून परतही आले होते. मला उठवायचं नाही का, असं जरा कडकच विचारलं. झोपायची गरज होती तुला, म्हणाले.
दुपारी दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या. बाबांना तपासायला असणार. चुकून माझंच बीपी घेतलं. आकडा मला न सांगता बाबांना सांगितला. छोट्या दवाखान्यात असे घोळ होतात. सोडून दिलं.
चहा चार वेळा. हवा दमट आहे.

गुरुवार, ७ ऑगस्ट
विषय काढला. बाबा पायरीवर बसून मासा साफ करत होते. मुद्देसूद बोललो: घरी लिफ्ट आहे, डॉक्टर जवळ, नातीशी गप्पा, तुमच्यासाठी खोलीला नवा रंग. मग पुढे कसा कोण जाणे साहेबांवर गेलो, प्रमोशनवर गेलो, घरात माझ्याशी कुणी धड बोलत नाही यावर गेलो. शेवटी डोळ्यांना पाणी आलं. खवल्यांमुळे येतं. बाबा हात धुऊन शेजारी येऊन बसले. म्हणाले, बरं.
बरं! म्हणजे होकारच. शेवटी मुद्दा पटवायला अक्कल लागते.
लगेच हिला फोन केला. बाबा तयार आहेत म्हटलं. ती विचारते, जेवताय ना नीट? विषयाला धरून बोलायची सवयच नाही.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
आज बाबांबरोबर होडीत गेलो. या कामात काही राम नाही, कुणीही करेल, हे त्यांना दाखवून द्यायचं होतं. एक ओंडका ओढला. पाठ धरली. उरलेला वेळ मार्गदर्शन केलं. पाण्यावर असतानाच पिशवीतून रविवारच्या परतीची दोन तिकिटं काढून बाबांना दाखवली. त्यांनी खिडकीची सीट कोणती एवढंच विचारलं. फार बरं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं बरं वाटलं नव्हतं.
परत आल्यावर बाबा म्हणाले, होडी मी बांधतो. म्हटलं, तुम्ही बसा. शाळेत स्काउटमध्ये शिकलेली गाठ मारली. दोर आखडून घेऊन होडी धक्क्याच्या खांबाला घट्ट आवळली. हलेल तर शपथ. बाबा चहा ठेवायला गेले.
तिकिटांची पिशवी होडीत राहिली. सकाळी आणतो. पाठ दुखते आहे.

शनिवार, ९ ऑगस्ट
होडी लटकते आहे.
मला कुणी सांगितलं नव्हतं की संध्याकाळी शहरात दिवे लागले की सगळी यंत्रं सुरू होतात आणि धक्क्यापाशी पाणी पुरुषभर खाली जातं. पाणी गेलं. होडी जायला निघाली, पण माझी गाठ पक्की. नाक वर, शेपूट चिखलात, उभी टांगलेली. वल्ही गेली, बाबांचा थर्मास गेला, तिकिटं गेली. गाठ मात्र सुटली नव्हती, हे नमूद करतो.
कॉलनीत उरलेली माणसं बघायला जमली. नर्सबाईसुद्धा. वाटलं, आता बाबा सगळ्यांदेखत वाभाडे काढणार. मी साहेबांवर ओरडलो होतो तसे ओरडणार. त्यांनी फक्त कोयत्याने दोर तोडला.
"दोर सैल ठेवायचा असतो," म्हणाले. "पाणी खाली जातं. परत वर येतं."
होडीच्या दोन फळ्या निखळल्या आहेत.

रविवार, १० ऑगस्ट
बॅग भरली. तिकिटं नवी काढू म्हटलं, बाबा, तुमचे कपडे आणा. बाबा फळीला खिळे ठोकत होते. ठोकत राहिले. तेव्हा आवाज चढला. संकल्प मोडला. म्हटलं, गुरुवारी बरं म्हणालात ना? मी काय इथे जळवा मोजायला आलो? तुम्हाला न्यायला मला पाठवलंय सगळ्यांनी!
बाबांनी हातोडी खाली ठेवली.
"मला न्यायला नाही पाठवलं रे तुला," म्हणाले. "तुला ठेवायला पाठवलंय."
हिनेच महिन्यापूर्वी बाबांना फोन केला होता. फार दमलेत, म्हणाली होती. घरात भीती वाटते त्यांची. थोडे दिवस ठेवून घ्याल का? सरळ जा म्हटलं तर जाणार नाहीत, काहीतरी काम देऊनच पाठवावं लागेल.
मी म्हटलं, पण खोलीला नवा रंग दिलाय. बाबा म्हणाले, तुझी लेक तिथे अभ्यासाला बसते आता.
भीती वाटते, या शब्दांपाशी फार वेळ बसलो. बाबांनी भात वाढला. जेवलो.

सोमवार, ११ ऑगस्ट
नीट विचार केला. बाबांचं वय झालं आहे, होडी नादुरुस्त आहे, जाळीवर पाला साचतो आहे. अशा वेळी त्यांना एकटं टाकून जाणं मला शोभत नाही. मी स्वतःच थांबायचं ठरवलं.
नर्सबाईंनी बीपी घेतलं. हात मीच पुढे केला.
संध्याकाळी होडी बांधली. दोर सैल ठेवला. बाबा कंदील घेऊन आले आणि तपासून गेले.
मग हिला फोन केला. आवाज चढवला नाही. विचारलं, मी कधी येऊ?
ती म्हणाली, बाबांना विचारून सांगते.