थांबता थांबता परत फिरणारे चाक

१२ ऑक्टोबर

ती. काका यांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

सायकल उलटी ठेवून चाक जोरात फिरवले, की ते हळूहळू मंदावते. पण अगदी थांबायच्या बेतात आले, की ते क्षणभर अडते आणि थोडे उलटे परत येते, हे तुम्ही पाहिले असेलच. असे का होते? थांबायचे तर सरळ थांबावे, मागे कशाला फिरावे? तुम्ही आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलेत, म्हणून विचारते.

कारण आता सांगते. मी बाबांची सायकल आकड्यावरून खाली काढायचे ठरवले आहे. किनाऱ्याच्या रस्त्याने दीपगृहापर्यंत जायचे आणि परत यायचे. तंबू, पांघरूण, स्टोव्ह, हत्यारे सगळे सायकलवरच. मागून सामानाची गाडी नाही, पुढे कोणाचे घर नाही. माझा हा पहिलाच लांबचा प्रवास, आणि रस्ता बाबांचाच. तुम्ही आधी रागवाल आणि मग नकाशा काढून बसाल, हे मला माहीत आहे.

अडचण आईची आहे. ती हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. म्हणते, त्यांना विचार, आणि दाराबाहेरच्या बोळात टांगलेल्या सायकलकडे बोट दाखवते. इमारतीचे खालचे दार उघडले, की जिन्यातून वारा येतो आणि पुढचे चाक आपोआप हलते. जरा पुढे येते, अडते, परत फिरते. आई शिलाईचे मशीन थांबवून बसून राहते. तिचे म्हणणे असे, की ते दारापर्यंत येतात, आत यावे की नाही ठरवतात आणि निघून जातात. मी हसण्यावारी नेत असे. पण हल्ली खालचे दार वाजले, की माझेही हातातले काम थांबते.

आणखी एक. ते चाक नेहमी एकाच जागी थांबते, हवा भरायचा व्हॉल्व्ह बरोबर वर ठेवून. माझ्या स्वतःच्या सायकलचा व्हॉल्व्ह खाली येतो. असे का?

आईला वेगळे लिहू नका, ती वाचून गप्प होते. माझ्यावरची माया आहे तशीच राहू द्या.

आपली,
भिंगरी


१८ ऑक्टोबर

चि. भिंगरी हिस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या अंदाजाप्रमाणे आधी रागावलो आणि मग नकाशा काढला. तिसऱ्या मुक्कामाच्या आधीचा चढ तुला जेरीस आणणार आहे, हे आताच सांगून ठेवतो. घर पाठीवर घेऊन निघालेली गोगलगायही तुझ्यापेक्षा कमी सामान नेते.

आता चाक. कोणतेही चाक सगळीकडून सारख्या वजनाचे नसते. कुठली तरी बाजू किंचित जड असतेच. वेग असेपर्यंत ती जड बाजूही निमूटपणे वर चढते. वेग ओसरला, की तिला माथा ओलांडता येत नाही; ती अर्ध्यातून खाली घसरते आणि चाकाला आपल्याबरोबर मागे आणते. दोन्हीकडे थोडे झोके घेऊन ती तळाला विसावते. परत फिरण्यामागे मन नसते, वजन असते. सुंदर गोष्ट आहे की नाही? मुलांना हे दाखवताना वर्ग हटकून शांत व्हायचा.

बहुतेक सायकलींत व्हॉल्व्हची बाजूच जड असते, म्हणून तो खाली येतो. दादाच्या सायकलचा व्हॉल्व्ह वर राहत असेल, तर त्याच्या समोरच्या बाजूला त्याहून जड असे काहीतरी आहे. दादा निघाला त्याच्या आदल्या दिवशी दोन्ही टायर मी माझ्या हातांनी बसवले होते, कोरे करकरीत. आत ट्यूब, तिच्यावरची पांढरी पावडर आणि हवा, एवढेच होते. चाक फिरवूनही पाहिले होते. व्हॉल्व्ह खाली आला होता.

तेव्हा टायर काढ. इतक्या वर्षांचे रबर कडक झाले असेल, घाई करू नकोस. ट्यूबच्या पावडरीला हात लागण्याआधी ती नीट पाहून घे. सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीतही काय आहे ते पाहा. ती मीच भरली होती.

प्रवासाचे सांगतो. जड सामान खाली आणि चाकाच्या आसाजवळ बांध, मागे लोंबते ठेवू नकोस. आधी एक रात्र जवळपास कुठेतरी तंबू ठोकून ये, म्हणजे काय विसरलीस ते घराजवळच कळेल. आणि साबण ने. तुझ्या बाबांना हातावरचा काळा डाग क्षणभर खपत नसे.

माझी काळजी तुझ्या सामानात सर्वांत वर बांध. ती हलकी आहे.

तुझा,
काका


२६ ऑक्टोबर

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

टायर काढले. आई शेजारी उभी होती. मी बोलावले नव्हते.

व्हॉल्व्हच्या बरोबर समोर टायरला चीर आहे, माझ्या बोटाएवढी. तिच्या आतून, अस्तर लावावे तसा जुन्या टायरचा जाड तुकडा बसवलेला आहे. तुकड्याच्या चारही कडा पात्याने तासून कागदासारख्या पातळ केल्या आहेत. तुम्ही सांगितलेली पावडर मी आधी पाहिली. तुकड्याखाली ट्यूबवर ती जशीच्या तशी पांढरी आहे, कुठे घासल्याची खूण नाही.

हत्यारांच्या पिशवीचे बकल इतकी वर्षे कोणी उघडलेच नव्हते. टायर काढायच्या पट्ट्या फडक्यात गुंडाळलेल्या, पाते मिटलेले, पाना खणात, सगळे जागच्या जागी. फक्त साबणाची डबी उघडी आहे आणि तिच्यात साबण नाही.

तो तुकडा आईने हातात घेतला आणि कडेवरून बोट फिरवत राहिली. मग आत जाऊन मशीनवर बसली, पण मशीनचा आवाज काही आला नाही. काका, आता तिला पत्र लिहाच. जायचे की नाही हा माझा प्रश्न राहू द्या. तिला जे कळायला हवे आहे ते माझ्या तोंडून निघणार नाही.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
भिंगरी


१ नोव्हेंबर

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमच्या आधी 'ती.' एवढेच लिहितो आणि थांबतो. त्यापुढे सौ. लिहावे की गं. भा., हे मला इतकी वर्षे ठरवता आले नाही. दादाची सायकल वाटेतल्या त्या मोठ्या तलावाच्या पायऱ्यांशी टेकून उभी सापडली. दादा सापडला नाही. सामान बांधलेले, सायकल धड, कुठे झटापट नाही. लोकांनी तर्क केला, की माणूस आपण होऊन गेला, पाण्यात किंवा आणखी कुठे. तुम्ही त्यांच्याशी वाद घातला नाहीत, आणि विश्वासही ठेवला नाहीत.

शिक्षकाच्या सवयीने एकेक पायरी मांडतो. चूक दिसली तर तिथेच अडवा.

दादा निघाला तेव्हा टायर कोरे होते. म्हणजे चीर वाटेत पडली आणि तुकडा वाटेत बसला. तो तुकडा मीच पिशवीत टाकला होता, तेव्हा त्याच्या कडा जाड होत्या; त्या दादाने बसून तासल्या. जाड कड ट्यूबला घासते आणि बऱ्याच अंतरानंतर तिला भोक पाडते. ज्याला थोडेच जायचे असते, तो कडांच्या वाटेला जात नाही. त्या तासतो तो लांब जाणारा आणि परत येणारा माणूस.

आता पावडर. तुकडा बसवताना दादाने ती ट्यूबला नव्याने लावली असणार. सायकल त्यानंतर चालली असती, तर ती पुसली गेली असती; घरी तर आपण सायकल गाडीत घालूनच आणली. म्हणजे दुरुस्ती तिथेच झाली, तलावाशी, आणि ते दादाचे शेवटचे काम होते. हत्यारे त्याने जागच्या जागी ठेवली. बाहेर राहिला तो फक्त साबण. टायर हाताळलेल्या माणसाचे हात कसे होतात, हे मी तुम्हाला सांगायला नको, आणि दादाचा स्वभाव तर मुळीच नको. पाणी समोर होते. त्या पायऱ्यांवर शेवाळ होते, हे तेव्हाही सगळ्यांनी पाहिले होते.

वहिनी, तो कुठेही निघून जात नव्हता. हात धुवायला गेला होता.

हे मी सिद्ध केले असे म्हणत नाही. एवढेच म्हणतो, की या चाकात जे जे आहे त्या सगळ्याचा मेळ याच एका गोष्टीशी बसतो. बोळात चाक हलते ते वाऱ्याने, आणि परत फिरते ते त्या तुकड्याच्या वजनाने. भिंगरीला जाऊ द्यावे की नाही, हे तुम्हीच ठरवा.

या घराशी माझे नाते दादामुळे जुळले आणि तुमच्यामुळे टिकले. ते असेच टिकवावे, ही प्रार्थना.

तुमचा,
धाकटा दीर


१५ नोव्हेंबर

प्रिय भावोजी यांस,
न. वि. वि.

तुमचे पत्र आले त्या दिवशी मी शिवणाला हात लावला नाही. गिऱ्हाइके परत गेली, जाऊ दे.

तुमचे शास्त्र मला सगळे समजले नाही, पण कडांचे समजले. माझा जन्म कडा दुमडण्यात गेला. जो कपडा वापरायचा नसतो, त्याची कड कोणी दुमडत बसत नाही. तुमचे पत्र यायच्या आधीच, तो तुकडा बोटाखाली आला तेव्हा, मला कळले होते. फक्त शब्दांत आले नव्हते.

एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नसेल. सायकलचे काम करून वर आले, की ते दाराला बोट लावत नसत. बोळात उभे राहून हाक मारीत, "दार उघड गं, हात काळे आहेत." मी मुद्दाम आतून विचारायची की कोण आहे, नाव सांगा, आणि ते चिडायचे. इतकी वर्षे मी मनाला विचारले, की माणूस दारापर्यंत येतो आणि आत का येत नाही. रागावले असतील, नकोसे झाले असेल, नाही नाही ते मनात आणले. हात काळे असतील, हे मात्र एकदाही सुचले नाही.

भिंगरी आज सकाळी गेली. जवळपास राहून यायची एक रात्र आधी झाली. काय विसरली तर चमचा. टायर नवे घातले. साबणाची डबी मी माझ्या हाताने भरली आणि तिला सांगितले, की पाणी भांड्यात घेऊन लांब बसून हात धुवायचे. ती हसली नाही. तो तुकडा माझ्याकडे, बटणांच्या डब्यात आहे.

आता बोळातला आकडा रिकामा आहे. दुपारी खालचे दार वाजले. हलायला आता काही नाही हे माहीत असूनही मी उठले, पाण्याचे भांडे घेतले आणि दार सताड उघडून उभी राहिले. बोळात कोणी नव्हते. तरी थोडा वेळ तशीच थांबले. हातावर पाणी घालायला कोणीतरी लागते.

तुम्ही माझ्या आधी एकच अक्षर लिहून थांबत आलात. पुढच्या पत्रात जे लिहायला हवे ते लिहा. मी वाचू शकेन. आजवर सांभाळलेत तसेच सांभाळून घ्या.

तुमची,
वहिनी

ता. क. : निघण्यापूर्वी मी तिच्याकडून पुढचे चाक एकदा उचलून घेतले आणि फिरवले. तुकडा नव्हता, व्हॉल्व्ह खाली आला. पण थांबताना ते अडले आणि परत फिरले, पूर्वीसारखेच. तुमच्याही सायकलचे पुढचे चाक उचला, हलकेच फिरवा, हात काढून घ्या आणि थांबेपर्यंत नजर हलवू नका. परत फिरते ना, ते मला कळवा.