गिऱ्हाईक बसतं, आपण उभं

४ मार्च, सोमवार
अठरा सुया! डाव्या पोटरीत दहा, उजवीत आठ. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुगलेली शीर औषधाने आतून चिकटून बंद होते. रक्त दुसऱ्या वाटेने जातं." जाऊ दे की! एवढी वर्षं माझ्याच पायात मुक्काम ठोकून होतं. वर घट्ट मोजे चढवले आणि लगेच अर्धा तास चालायला लावलं. चाला, बसा — पण एका जागी उभं राहायचं नाही.

आमच्या चपलांच्या दुकानात हे सांगायचं कसं? तिथे गिऱ्हाईक बसतं, आपण उभं राहायचं. एकोणीस वर्षं हाच नियम.

५ मार्च
नवरा म्हणतो, "दिसतंय कुणाला?" मला दिसतं. ठणकतं तेही मलाच.

७ मार्च
मालकांना सांगितलं. "बसलेली बाई बघून गिऱ्हाईक परत जातं," म्हणाले. आमच्या चौघींत सगळ्यात जुनी ती थोरली. ती सगळ्यांसमोर बोलली, "या वयात पाय नटवायचं सुचतंय!" बाकी दोघी फिदीफिदी हसल्या. तळपायाची आग मस्तकात गेली! पण उभी नाही राहिले. दिवसभर दुकानात फेऱ्या मारल्या. माझ्यामागे फिरून मालकांची मान आखडली असेल.

८ मार्च
पाय काळेनिळे. लेक म्हणाली, "आई, आधी बरे होते!" आधी वाईट दिसणार, मग फिकटणार, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतंच. मग रडायचं कशाला? रडले थोडी.

११ मार्च, सोमवार
बसले! बाकावर, गिऱ्हाइकाच्या शेजारी. बसल्या बसल्या सँडलचा पट्टा लावून दिला. म्हातारे गृहस्थ होते, खूश झाले, दोन जोड घेऊन गेले. ते वळल्यावर मालकांनी तोंड उघडलं. "उद्यापासून उभं राहायचं, नाहीतर यायचं नाही."

मी जाणार. आणि बसणार. हाताला धरून बाहेर काढा म्हणावं!

थोरली मान खाली घालून खोकी रचत राहिली. सगळ्यात जास्त राग तिचाच आला. नोकरी गेली तर या वयात मला कोण ठेवणार, ही भीती आहेच. तरी जाणार.

१२ मार्च
गेले. दुकान उघडं, गिऱ्हाइकं खोळंबलेली, मालक एकटेच खोकी काढतायत. आणि तिघी बाहेर पायरीवर बसलेल्या! थोरलीने पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. करंगळीएवढ्या जाड शिरा, घोट्यापाशी जखमेला पट्टी.

"अठ्ठावीस वर्षं झाकलं," म्हणाली. मग त्या दोघींना, "सरका गं, तिला बसू द्या."