माझा हाय-स्पीड दरवाजा

१ मे १९६२, मंगळवार

महाराष्ट्र दोन वर्षांचा झाला. शीतगृहाच्या आवारात झेंडा लावला, पेढे वाटले. वळून बघतो तर बर्फखोलीचा दरवाजा सताड उघडा, आणि दारात चार हमाल, दोन गाडीवान आणि एक कुत्रं पाय पसरून गार हवा खात पडलेलं. किळस आली. आत मशीन धापा टाकतंय आणि बाहेर कुत्र्याची सोय होतेय! निवृत्ती हमालाला झापलं. तो पडल्या पडल्या म्हणाला, "साहेब, दोघाजनाइले जोर लावा लागते त्याले. घडीघडी कोन लावन?"

संकल्प: हा बोजड दरवाजा काढायचा. एका जुन्या इंग्रजी मासिकात वाचलंय, जर्मनीत शीतगृहाचे दरवाजे डोळ्याचं पातं लवायच्या आत वर जातात आणि खाली येतात. हाय-स्पीड. जर्मनीत जमतं ते शेगावात का जमू नये?

शिवाय वेळ अचूक आहे. मी अजून तात्पुरता मॅनेजर. २२ तारखेच्या मीटिंगमध्ये कायम करू, असं शीतगृह सोसायटीचे अध्यक्ष पंजाबराव स्वतः बोललेत. कायम झालो की क्वार्टर आमचं. शारदा म्हणते, लग्न झाल्यापासून सहा गावं झाली, आता बिऱ्हाड हलवायची ताकद नाही. तिला म्हटलं, निश्चिंत राहा.

५ मे, शनिवार

दरवाजा तयार. फळ्यांचा हलका पल्ला, दोन बाजूंना लोखंडी खाचा, वर मोटेचं चाक, दोराला वाळूचं पोतं. दोर ओढला की पल्ला वर, सोडला की खाली. नाव ठरवलं, माझंच: चिंतामण डोअर. पुढेमागे पेटंट घेऊ.

दारावर वाळ्याची ताटी टांगली, बुलढाण्याच्या कचेरीत असते तशी. दर तासाला तिच्यावर पाणी मारायचा हुकूम दिला. ऊन हवा आत शिरायच्या आधीच गार. दुहेरी बंदोबस्त. हे जर्मनांना सुचणं शक्य नाही, त्यांच्याकडे वाळाच नाही.

६ मे, रविवार

उद्घाटन. पंजाबराव आले. त्यांच्या आई गोजरबाईही आल्या, का ते कळलं नाही. पंजाबरावांनी उंबऱ्यावर नारळ फोडला. पाणी खाचेत गेलं. हार, कुंकू, दोन शब्द. माझे दोन शब्द जरा लांबले. मग मी दोर ओढला.

दरवाजा हलला नाही. पुन्हा ओढला. चार हमालांनी ओढला, तेव्हा कडकड आवाज होऊन एकदम वर गेला, आणि खाली आला तो निवृत्तीच्या फेट्याच्या शेमल्यावर. शेमला आत, निवृत्ती बाहेर. लोक हसले. मला हसणाऱ्यांची शिसारी आली. नव्या यंत्राला बसायला वेळ लागतो, एवढी साधी गोष्ट कुणाला कळत नाही.

नारळ निकृष्ट होता. फार पाणी होतं त्यात.

९ मे, बुधवार

सकाळी दरवाजा पुन्हा चिकटलेला. खाचांत पांढरा थर. हमाल मुद्दाम ओढत नाहीत असा दाट संशय.

उपाय सापडला. खाचांत शेंगदाण्याचं तेल. भरपूर. ताटीवर पाणी दर अर्ध्या तासाला मारायला सांगितलं, म्हणजे बाहेरची उष्णता दरवाज्याला त्रास देणार नाही.

१० मे, गुरुवार

तेल गोठून तुपासारखं झालं. खरवडून काढताना निवृत्ती म्हणाला, "साहेब, पोळीसंगं खाऊन घेऊ काय?" असल्या माणसांबरोबर काम करायचं! वीट आलाय. तेल भेसळीचं असणार.

१२ मे, शनिवार

खाचांत मीठ घातलं. दरवाजा सुटला! दिवसभर सरसर वर, सरसर खाली. मी स्वतः दोर ओढून गावातल्या प्रतिष्ठितांना दाखवला. पोस्टमास्तर म्हणाले, वाहवा.

संध्याकाळी कुणाच्या तरी बकऱ्या आवारात शिरल्या आणि मीठ चाटून गेल्या. दारात लेंड्या. भयंकर घाण. मीठ बंद. मॅनेजरने बकऱ्या हाकायच्या की शीतगृह चालवायचं?

१३ मे, रविवार

आज मोठी गोष्ट घडली. पंजाबरावांच्या मुलीचं, रुख्मिणीचं, लग्न २० तारखेला. नवरामुलगा बुलढाण्याचा वकील. विहीणबाईंनी पंगतीला श्रीखंडच पाहिजे म्हणून अट घातलीय. आपल्याकडे बुंदीवर भागतं, पण ही कोर्टातली मंडळी. पंजाबराव चिंतेत. म्हणाले, "चक्का पाच गावातून गोया करून राह्यलो. पन ह्या उन्हात आंबट होईन ना तो. आंबट श्रीखंड खाल्लं त विहीन जलमभर पोरीले बोलन."

मी ताबडतोब म्हटलं, चक्का माझ्या हवाली करा. आठ दिवस ठेवा की महिना ठेवा, आमच्या दरवाज्याआड काळसुद्धा शिरत नाही.

पंजाबरावांनी माझा हात धरला. म्हणाले, "पोरीची इज्जत तुमच्या हातात देली, चिंतामणराव." डोळ्यांत पाणी होतं. कायमचा हुकूम आता झालाच समजा.

घरी येऊन शारदाला सांगितलं. ती उठून फळीवरची भांडी उतरवायला लागली. आनंदाने तिचं असंच होतं.

१५ मे, मंगळवार

दरवाजा चिकटला. उकळतं पाणी ओतलं. लगेच सुटला! मग पहिल्यापेक्षा घट्ट चिकटला. याचं शास्त्रीय कारण शोधायला हवं. सध्या सवड नाही.

गोजरबाई चक्क्यासाठी खोली बघायला आल्या होत्या. ताटीतून ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघत म्हणाल्या, "पानी टाकसान त त्याचा बर्फच होईन ना बापा." बायकांनी मशिनरीत बोलू नये. वयाकडे बघून सोडून दिलं.

१७ मे, गुरुवार

चक्का आला. आठ पितळी गंज, म्हणजे इकडची मोठी पातेली. बटाट्याच्या गार खोलीत ठेवा असं निवृत्तीचं म्हणणं. त्याला बाजूला सारून सगळे गंज बर्फखोलीत ठेवले. जितकं थंड तितकं ताजं.

हुकूम: शनिवारी संध्याकाळपर्यंत दरवाजा एकदाही उघडायचा नाही. थंडीचा कण बाहेर जाता कामा नये. ताटी एक क्षणही वाळता कामा नये. हमाल आळीपाळीने पाणी मारतील. या वेळी कुठेही चूक ठेवलेली नाही.

१९ मे, शनिवार

संध्याकाळी पंजाबरावांकडून बैलगाडी आली. साखर, वेलची, केशर तयार, बायका पाटावर बसून वाट बघतायत.

दोर ओढला. दरवाजा हलेना. सहा जणांनी ओढला. दोर तुटला. मी मागे बटाट्याच्या पोत्यांवर पडलो. कंबर धरली. दरवाजा कुठे संपतो आणि चौकट कुठे सुरू होते तेच दिसत नव्हतं, सगळी एक काचेची भिंत. निवृत्ती कान लावून म्हणाला, "साहेब, आता हा दरवाजा नाही राह्यला. डोंगर झाला."

तोंड बघायची इच्छा होईना कुणाचं. सांगितलं होतं पाणी मारा. यांनी निष्काळजीपणाने जास्त मारलं.

पंजाबराव स्वतः आले. लगेच पहार मागवली. माझा चिंतामण डोअर, साधा सागवानी पल्ला, पण काय झुंजला! त्याचं कुणाला कौतुक नाही.

२० मे, रविवार

पहाटेपर्यंत पहारी चालल्या. गंज बाहेर आले. चक्का दगड. गोजरबाईंनी पळी मारली, पळी वाकली. मुसळ आणलं. साखर घातली तर वरून घरंगळून खाली पडली. बाहेर ठेवून बघितलं. बाजूने आंबट पाणी सुटायला लागलं, आत तसाच गोळा. मी सुचवलं, पंगतीत बर्फासारखा किसून वाढू, नवीन प्रकार होईल. कुणी ऐकलंच नाही.

शेगावातल्या हलवायाकडून बुंदी आणली. दोन पंगतींना पुरली. तिसऱ्या पंगतीत नवऱ्याकडचे वऱ्हाडी होते.

मी मांडवाच्या खांबाआड उभा होतो. विहीणबाई रिकामा द्रोण बघून मोठ्याने म्हणाल्या, "लेकीच्या बापाला सांगितलेलं समजत नाही का?" रुख्मिणीने मान खाली घातली ती वर केली नाही. खोटं कशाला लिहू, मी तोंड दुसरीकडे फिरवलं. ऊन डोळ्यावर येत होतं.

पंजाबराव जवळ आले. मला वाटलं आता तोंड सोडतील. सोडलं असतं तर बरं झालं असतं. नुसते म्हणाले, "तुमी जेवून घ्या." पान वाढलं होतं, तसंच सोडून घरी आलो.

२१ मे, सोमवार

विचार केला. पंजाबराव रागावले नाहीत, ही चांगली खूण आहे. मोठी माणसं एका प्रसंगावरून माणूस जोखत नाहीत. उद्याच्या मीटिंगसाठी दरवाज्याचा सुधारित आराखडा काढला. दोन ताट्या.

२२ मे, मंगळवार

मीटिंग लवकर आटपली. आराखडा उघडायची वेळच आली नाही. महिनाअखेर काम सोडायचं, क्वार्टर रिकामं करायचं. पंजाबराव शेवटी म्हणाले, "फळ्या तुमच्या तुमी घिऊन जा. आमच्या कामाच्या नाहीत."

परत येताना पाहिलं, बर्फखोलीला जुना बोजड दरवाजा पुन्हा बसवलाय. दारात हमाल आडवे, कुत्रंही. कुणी उठलं नाही.

शारदाला कसं सांगायचं, हे रस्ताभर जुळवत आलो. सातवं गाव. तिला एकदम सांगायचं नाही, आधी पाणी मागायचं, मग हवापाण्याचं काढायचं, मग हळूच.

घरात शिरलो तर बसायला जागा नाही. वळकट्या बांधलेल्या, भांडी पोत्यात, देव टोपलीत, ट्रंकेला दोरी. एवढं सामान एका दुपारात बांधून होत नाही. विचारलं, "तुला कुणी सांगितलं? मीटिंग तर आत्ताच संपली. बांधाबांध कधी काढलीस?"

शारदा दोरीची गाठ आवळत म्हणाली, "तुम्ही चक्का ठेवून घेतो म्हणालात ना, त्याच दिवशी."