बारा पेरं थांबायचं

मयूर विहार,
८ जुलै, मंगळवार

प्रिय शैला,

सकाळी सहाला उठलो. पोहे केले, मीठ जास्त पडलं. नऊ वाजता रिक्षा, मग मेट्रो, असं करत नोएडाला तुझ्या शाळेत गेलो. दीडला परत आलो. जेवलो नाही. तुझे जुने व्हिडिओ पाहिले. आता साडेपाच वाजलेत आणि तुला लिहायला बसलोय.

पत्र लिहिणं माझं काम नाही, तुला ठाऊक आहे. लग्नाआधी तू चार पत्रं लिहिलीस, मी एकच, आणि त्यातही दिल्लीच्या हवेबद्दल लिहिलं होतं. नोकरीभर नकाशे काढले, अक्षर चांगलं आहे, मजकूर सुचत नाही. पण आज समोर एक कागद आहे. त्यावर सही करायची की नाही हे उद्यापर्यंत ठरवायचंय, आणि जिला विचारायचं तीच नाही. म्हणून लिहितोय.

कागद शाळेचा आहे. तू आजारपणात केलेले सहावी-सातवीच्या गणिताचे व्हिडिओ शाळेनं कायम वापरावेत, आपल्या दुसऱ्या शाखांनाही द्यावेत, त्यात हवे ते बदल करावेत, आणि याला मागे राहिलेल्या नवऱ्याची हरकत नाही, असा मजकूर आहे. खाली माझं नाव टाइप केलेलं आहे. नावाच्या वर रेघ मारून ठेवली आहे. मी फक्त पेन टेकवायचं.

तुझ्या प्रिन्सिपल मॅडमनी चहा मागवला. दारावर लावायची पितळी पाटीही दाखवली. व्हिडिओच्या खोलीला तुझं नाव देणार आहेत.

"सर, मैडम तो हमारे लिए अमर हो गईं," त्या म्हणाल्या. "अब वो कभी रिटायर नहीं होंगी."

हे त्यांनी हसून म्हटलं. मी पाणी प्यायलो. मग विचारलं, गणिताच्या नवीन टीचर कधी येणार?

"जरूरत ही नहीं पड़ी, सर. यही तो ब्लेंडेड लर्निंग है. बच्चा घर पर ऐप में मैडम को देखता है, क्लास में स्क्रीन पर मैडम को देखता है. डाउट हो, तो शुक्रवार को ऑनलाइन पूछ ले."

"किससे?"

"एक एजेंसी है, सर."

शैला, मी नवीन यंत्रांवर नाक मुरडणारा माणूस नाही. ऑफिसात नकाशे कॉम्प्युटरवर गेले तेव्हा पहिल्या तुकडीत शिकायला मीच गेलो होतो. पण तिथे कॉम्प्युटरसमोर निदान माणूस बसवत होते.

मी म्हटलं, मला वर्ग पाहायचाय. त्यांना ते फारसं आवडलं नाही, पण नाही कसं म्हणणार? सहावीच्या खोलीत शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. बाक लहान आहे, गुडघे अडकले. तुझ्या जागी मोठा पडदा आहे. बाजूला खुर्चीवर एक तरुण मुलगी बसते. तिला कोऑर्डिनेटर म्हणतात. ती इतिहास शिकलेली आहे. तिचं काम हजेरी घेणं, व्हिडिओ लावणं आणि मुलं पडद्याकडे बघताहेत असा फोटो काढून वर पाठवणं.

मग तू आलीस. निळी साडी, खांद्यावर शाल. आपल्या जेवणाच्या टेबलाजवळची भिंत, तिला टेकवलेला काचेचा फळा, वर कॅलेंडर काढल्यावर राहिलेला खिळा. मला वाटलं होतं मला रडू येईल. रडू आलं नाही. माझं लक्ष त्या खिळ्याकडेच जात होतं.

धडा तुझ्या आवडीचा होता, ऋण संख्या. तू विचारलंस, "दो में से पाँच निकालो, तो क्या बचेगा?" आणि मग म्हणालीस, "सोचो. मुझे कोई जल्दी नहीं है."

आणि लगेच, श्वाससुद्धा न घेता म्हणालीस, "माइनस तीन."

मला वाटलं व्हिडिओ अडकला. पण पुढच्या प्रश्नालाही तेच. "सोचो, मुझे कोई जल्दी नहीं है," आणि लगेच उत्तर. तिसऱ्या वेळी माझ्या पुढच्या बाकावरची दोन मुलं तुझ्याबरोबर म्हणाली, "मुझे कोई जल्दी नहीं है," आणि तोंडावर हात ठेवून हसली. पोरांचं चुकलं नाही. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हसलो असतो.

तू वर्गात कशी थांबायचीस ते मला ठाऊक आहे. प्रश्न विचारून हात पाठीमागे घ्यायचीस आणि अंगठ्यानं बोटांची पेरं मोजायचीस. चार बोटं, बारा पेरं. बारा पेरं होईपर्यंत कुणी बोललं नाही तरच पुढे. घरी येऊन सांगायचीस, "अहो, आज अकराव्या पेराला एक जणी बोलली." एकदा याच प्रश्नाला एक पोरगी बोलली होती, "मैम, बेसमेंट!" दुसऱ्या मजल्यावरून पाच मजले उतरलं तर बेसमेंट, तेही जमिनीखालचं तिसरं. मॉलच्या पार्किंगमध्ये पाहिलेलं तिला आठवलं. तू चहा गाळता गाळता मला ते दोनदा सांगितलंस. मी पेपर वाचत होतो.

तास संपल्यावर त्या कोऑर्डिनेटर मुलीला विचारलं, थांबणं कुठे गेलं?

ती ओशाळली. "सर, उसमें खाली टाइम बहुत था. एडिटर ने निकाल दिया. नहीं तो बच्चे घर पर वीडियो आगे बढ़ा देते हैं."

खाली टाइम. सव्वीस वर्षं तू जे केलंस त्याला ते खाली टाइम म्हणतात.

वर्गात दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती, दोन वेण्या, चष्मा. पहिल्या प्रश्नाला तिनं हात वर केला होता. पडद्याकडे बघून हात! तू पुढे बोलत गेलीस तशी तिनं त्याच हातानं डोकं खाजवल्यासारखं केलं आणि हात खाली घेतला. मी तिच्याजवळ गेलो. म्हटलं, "बेटा, क्या कहने वाली थी?"

"कुछ नहीं, अंकल. अब तो मैम ने बता दिया."

मग दप्तर भरता भरता तिनं विचारलं, "अंकल, ये मैम कौन सी ब्रांच में पढ़ाती हैं?"

मी कोऑर्डिनेटरकडे पाहिलं. ती हळूच म्हणाली, "बच्चों को बताया नहीं है, सर. डर जाएँगे."

ही यांची अमर मॅडम. जानेवारीत निगमबोध घाटावर मी जिला पोचवून आलो, तिची बदली झाली असेल असं पोरांना वाटतंय. त्या मुलीला मी काय सांगायला हवं होतं? तूच सांग. मी "मुझे नहीं पता" म्हणालो आणि बाहेर आलो.

आता तुझ्यावरचा राग. तू हो का म्हणालीस?

मी नको म्हणत होतो. इस्पितळातून आलीस की दोन दिवस पडून राहायचीस आणि तिसऱ्या दिवशी साडी नेसून त्या भिंतीसमोर उभी. "कोर्स अर्धा राहील हो," एवढंच उत्तर. लॉकडाउनमध्ये फोनवर शिकवलंस तेव्हापासून तुझा यावर विश्वास बसला होता. तेव्हा एक मुलगा गच्चीवर टाकीच्या सावलीत बसून, बापाच्या फोनवर तुझा तास करायचा. त्याचं गणित सुटलं तेव्हा तू म्हणाली होतीस, "बघा, भिंत असायलाच हवी असं नाही." ते मला मान्य आहे, आजही. पण त्या पोराला तू दिसत होतीस आणि तुलाही तो दिसत होता. तो अडला की तू थांबायचीस. यांनी त्यातली एकच बाजू उचलली आणि तिला इनोव्हेशन म्हणून माहितीपत्रकात छापलं. तुला हे कळायला हवं होतं. एवढी हुशार होतीस, मग एकदाही कसं विचारलं नाहीस, की मी नसताना हे कसं वापराल?

दुपारी घरी आल्यावर मूळ व्हिडिओ काढले. माझ्याच फोनमध्ये आहेत. मीच घेतलेले. म्हटलं, यांनी काय काय कापलंय त्याची यादी करतो आणि त्यांच्या तोंडावर टाकतो.

पहिला लावला. तू विचारतेस, दो में से पाँच. म्हणतेस, सोचो. हात मागे घेतेस. मागच्या फळ्याच्या काचेत तुझा अंगठा दिसतो, हळूहळू सरकणारा. आणि तिसऱ्या की चौथ्या पेराला आवाज येतो, "अगं, बोल की. थांबलीस का? विसरलीस का?"

आवाज माझा आहे.

तू माझ्याकडे बघतेस आणि उत्तर सांगून टाकतेस.

पुढच्या व्हिडिओत मी बोललेलो नाही, पण तू आठव्या पेरालाच उत्तर सांगतेस. त्याच्या पुढच्यात सहाव्या. मला आठवलं, मी एकदा विचारलं होतं की आज लवकर कसं आटपलं. तू म्हणालीस, "तुमचा हात दुखतो ना फोन धरून." निखिलनं बंगलोरहून स्टँड पाठवला तोवर निम्मा कोर्स झाला होता.

तेव्हा यादी बाजूला ठेवली. शाळेनं कापलं, पण कापायला सुरुवात घरातूनच झाली होती. तुझी माफी मागायची राहिली, शैला. हे मला समोर कधी बोलता आलं नसतं. कागदावर लिहितोय.

मग निखिलला फोन केला. त्याला वाटतं सही करावी.

"बाबा, आईचा आवाज रोज इतक्या मुलांपर्यंत जातोय. तुम्ही तो बंद करणार? आणि यार, दुसरी टीचर नाहीये तिथे. मुलांकडे काय राहील मग?"

"त्यांना टीचर आणावी लागेल."

"नाही आणली तर?"

मी त्याला पेरांचं सांगितलं. तो म्हणाला, "पेरं म्हणजे?" मी सांगितलं, बोटांचे जोड असतात ते. मग तो म्हणाला, "हां, आई माझ्याबरोबर पण असं करायची. मला वाटायचं ती जप करतेय."

त्यानंतरही बराच वेळ दोघांनी फोन चालू ठेवला.

हे सोपं नाही, एवढं तुला सांगतो. मी सही केली नाही तर तुझा आवाज त्या शाळेतून जाईल. तुझ्या नावाची पाटी कुठल्या तरी कपाटात पडेल. प्रिन्सिपल मॅडम म्हणतील, बुड्ढा सठिया गया है. ती चष्म्याची पोरगी काही दिवस गणिताविना बसेल, आणि त्याला जबाबदार मी असेन. पण आज त्या पडद्यावर जी बाई होती ती घाई करत होती, आणि पोरं तिची नक्कल करून हसत होती. ती तू नाहीस. तुझ्या नावानं तिला तिथे उभी राहू देणार नाही.

उद्या हा कागद सही न करता स्वतः नेऊन देईन. त्यांना म्हणेन, पडद्यावर लावायचंच असेल तर जसं घेतलं तसं लावा, माझ्या आवाजासकट, आणि वर्गात गणित येणारं माणूस उभं करा. नाहीतर काढून टाका. त्या विचारतील, "क्यों, सर?" मी उत्तर देईन आणि तिथेच बसून राहीन. हो किंवा नाही ऐकल्याशिवाय उठणार नाही. आणि जमलं तर त्या मुलीला खरं सांगून येईन, की मॅम कुठल्याच ब्रांचमध्ये नाहीत. ती घाबरणार नाही. तू तिला शिकवलं असतंस तर तूही सांगितलं असतंस.

साडेसहा होत आले. दूध तापवायचं राहिलंय. तू म्हणायचीस, दूध ठेवून पेपर घेऊन बसू नका. आता ठेवतो आणि वर येईपर्यंत तिथेच उभा राहतो.

तुझा,
अरविंद