खोटी कोतरी

बाबा, तुमचा डबा सापडला. तोच बिस्किटाचा, ज्याच्या झाकणावर तुम्ही खिळ्यानं ओरखडून लिहिलं होतं, हात लावू नये. मोहन नगरच्या या घरात आईनं तो माळ्यावर, जुन्या कुकरच्या मागे सारून ठेवला होता. मी दोन दिवसांसाठी आलो होतो. पंखा दुरुस्त करायला स्टूल लावलं, हात डब्याला लागला आणि पंखा राहिला तसाच. माझं असंच असतं, तुम्हाला माहीत आहे. नऊ वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तेवढ्या काळात मी अहिवाऱ्याला चुनखडीच्या ट्रकवर फिरलो, नागपुरात मोबाइलच्या दुकानात बसलो, हिमाचलात नदीकाठच्या एका हॉटेलात भांडी घासली, आणि एकही काम शेवटापर्यंत नेलं नाही. कागदही घरात धड नाही. कॅलेंडरचं जुनं पान फाडून त्याच्या कोऱ्या बाजूवर लिहून राहिलो आहे.

डब्यात कोंबड्याच्या मानेची पिसं आहेत, बकरीच्या दाढीचे पांढरे केस रबर लावून ठेवलेले, आईच्या साडीच्या काठाची उसवलेली जरीची तार, आणि आईचीच नेलपॉलिशची बाटली, आतून वाळून दगड झालेली. झाकण काढल्याबरोबर आपलं कारखान्याचं जुनं क्वार्टर समोर आलं. तुम्ही स्वयंपाकघरातल्या ओट्याला वाईस, ती फिटरची लोखंडी पकड, कसली आहे, तिच्या जबड्यात गळ धरला आहे, आणि आई लाटणं घेऊन उभी. "पोळ्या कुठं लाटू आता, तुमच्या डोक्यावर?" तुम्ही मान वर करत नाही. "थांब ना दहा मिनिटं, मासोळी जन्माले येऊन राहिली." गळाच्या दांडीला जरीची तार गुंडाळली, वर पांढरे केस, त्यावर थोडे काळे, दोन्ही बाजूंना पिसं, शेवटी नेलपॉलिशच्या थेंबाचे डोळे. पाण्यातून ओढली की हुबेहूब कोतरी, ती बोटभर चमकणारी मासोळी जिच्यामागे मरळ वेडी होते. तुम्ही तिला खोटी कोतरी म्हणायचे. कुठून शिकले विचारलं तर एवढंच, "फोरमनजवळ होती एक, त्याले कोण्या रशियन साहेबानं देल्ली होती. म्या पाहून घेतली." हिमाचलात एका गिऱ्हाइकाच्या पेटीत मी अशा कितीतरी पाहिल्या, ओळीनं टोचून ठेवलेल्या. "मेरे बाबा भी बनाते थे," मी म्हणालो. तो हसला. त्याला वाटलं मी फेकतो आहे. मी खोटं बोलत नव्हतो तेव्हा. पण ते हसणं लागलं, आणि आठवड्याभरात मी तिथूनही निघालो.

बारावीत नापास झालो तेव्हा तुम्ही रागावले नाही. फर्स्ट शिफ्टवरून आले, जेवले आणि मला वाईससमोर बसवलं. तुमची बोटं इतकी जाड, तरी दोरा कसा आज्ञेत राहायचा. माझा सुटायचा. मला घाई, सगळं लवकर लावून टाकायची. केस, पिसं, जर, सगळं पुढे सरकत सरकत गळाच्या नेढ्यापर्यंत जायचं, जिथून दोरी ओवायची असते. तुम्ही टपली मारायचे. "डोक्याले जागा सोड ना बे पोट्ट्या. समोर सगळं भरून टाकतं, मग शेवट कुठं बांधशीन?"

त्या रविवारी मरोद्याच्या तलावावर माझी पहिली कोतरी घेऊन गेलो होतो. तुम्ही पंधरा-वीस पावलांवर. मी दोरी ओवायला बघतो तर नेढं दोऱ्यानं आणि नेलपॉलिशनं बुजलेलं. काडीनं टोचलं, दातानं चावलं, काही नाही. शेवटी ती बेशरमच्या झुडपात फेकली आणि तुमच्या डब्यातली एक काढून बांधली. तिसऱ्या फेकीला मरळ लागली. तुम्ही धावत आले, एक चप्पल चिखलात राहिली. "तुयाच हातची?" मी म्हणालो, "हो." एवढंच. पण त्यानंतर महिनाभर तुम्ही कारखान्यात, तुमच्या शॉपमध्ये सगळ्यांना सांगत होते की आमच्या पोट्ट्याचा हात पाहा. माझ्यासाठी बारीक टोकाची कैची आणली. आयटीआयच्या फिटर ट्रेडसाठी एका साहेबाशी बोलले, "डोस्कं नाही त्याचं अभ्यासात, पण हात आहे." मला माझाच तो हात बघवेना. मी घर सोडलं ते आयटीआयच्या भीतीनं नाही, बाबा. फोनवर तुम्ही विचारायचे, "कवा येतं?" शेवटच्या वेळी मी म्हणालो, शनिवारी, आल्यावर एक गोष्ट सांगायची आहे. तिकीट मी काढलंच नव्हतं.

आणि आज डब्याच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पन्नीत गुंडाळलेली, माझी ती कोतरी. केस वाकडे, एक डोळा मोठा, एक लहान. नेढं मात्र साफ. पुढचा गुंता सोडवून डोकं तुम्ही नव्यानं बांधलेलं, तुमच्या दोऱ्यानं. पिसं कुरतडलेली, दातांच्या खुणा. मी आईला विचारलं.

"हेच घेऊन जात शेवटी शेवटी," ती म्हणाली. "म्या म्हणलं, चांगल्या इतक्या पडल्या, हे लंगडी कावून नेता? तर म्हणे, लेकाची हाय."

"मासा लागला का हिला?"

"म्या काय पाहाले गेली होती? एकडाव मरळ आणली होती मोठी. तुयी लय आठवण काढत खाल्ली."

म्हणजे तुम्ही झुडपात शिरून शोधली. केव्हा? मी मरळ मिरवत होतो तेव्हाच? आणि दुसऱ्या दिवशी तरीही शॉपमध्ये तेच सांगितलं?

आज सकाळी ती घेऊन मरोद्याला गेलो. दोरी पहिल्याच झटक्यात ओवली गेली. तुमच्या शॉपमधले एक काका फिरायला आले होते, आता काठी घेऊन चालतात. "जय भीम काका," म्हणालो, तर आधी कोतरी हातात घेतली, मग मला ओळखलं. "कोनं बांधली हे?"

या वेळी खरंखरं माझी म्हणता आलं असतं. मी म्हणालो, "बाबांनी."

"वाटलंच," काका म्हणाले. "डोकं पाह्य ना, किती साफ."

मी मान हलवली. पाण्यात टाकली नाही, तशीच परत आणली. हे पानही तिच्यासोबत पन्नीत ठेवतो. त्या रविवारचं जे तुम्हाला तोंडानं सांगायचं होतं ते नीट, शेवटी लिहीन म्हणत होतो. पण पान भरलं, बाबा. पुन्हा जागा नाही सोडली मी.