चार चकत्यांचं कुलूप

आप्पा,

आज कर्जतच्या आमच्या ऑफिसात मी एका माणसावर भलतीच डाफरले. बिचाऱ्याने केलं एवढंच, की कपाटाचं आकड्यांचं कुलूप लावताना शेवटची चकती तेवढी एक घर सरकवली. पुन्हा उघडायला सोपं! मी म्हटलं, सगळ्या फिरवा, नाहीतर लावता कशाला? बोलायचं होतं तुम्हाला, ऐकावं लागलं त्याला. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठल्याच पेटीत पडायचं नाही, म्हणून तर लिहायला बसलेय.

तुम्ही खोपोलीच्या कारखान्याच्या दवाखान्यात कंपाउंडर, मी तिथेच टायपिस्ट. औषधांच्या लोखंडी कपाटाला तुमचं ते चार चकत्यांचं कुलूप. दिवसभर सारखी उघडझाक, म्हणून तीन चकत्या जागच्या जागी ठेवायच्या आणि चौथीला बोटाने टिचकी मारायची. कुणीही उघडेल, असं मी किती वेळा सांगितलं. बरं, आकडा कुठे लिहून ठेवा म्हटलं, तर तेही नाही. "मला शिकवू नको गं, माज्या बोटांना ठावं हाय." अस्सा संताप यायचा. अजून येतो.

त्या खंडेनवमीला कारखान्यात नेहमीसारखी हत्यारांची पूजा मांडलेली. पाने, हातोडे, करवती धुऊन-पुसून पाटावर, हळदकुंकू लावून. एकदा पूजेला बसवलं की दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नसे. दवाखान्यातलं कुलूपही चिंचेने घासून परत लावलेलं. दुपारी मागच्या शेतावरचा एक माणूस उचलून आणला. लवकर पिकणारं हळवं भात कापताना पायाला साप चावला होता. डॉक्टर म्हणाले, लस काढा. तुम्ही टिचकी मारलीत. उघडलं नाही. चारही चकत्या फिरलेल्या.

तुम्हाला आकडा आठवेना. वर्षानुवर्षं पुरता लावलाच नव्हता, तर आठवणार कुठून! क्वार्टरचा नंबर लावून पाहिलात, माझं जन्मसाल लावलंत, मग नुसत्याच चकत्या फिरवत राहिलात. साप चावलेल्या माणसाची बायको दारात उभी. फिटरला करवत आण म्हटलं, तर तो पाटाकडे बघत जागीच थबकला. शेवटी तुम्हीच जाऊन कुंकू लावलेली करवत उचललीत आणि कुलूप कापायला बसलात. त्यात अर्धा तास गेला. माणूस वाचला, पण पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तुम्हाला दवाखान्यातून काढून गोदामात बसवलं. त्यानंतर तुम्ही कुणाला साधी डोकेदुखीची गोळीसुद्धा दिली नाहीत. एकदा जेवताना म्हणालात, "तू सांगत व्हतीस, मीच ऐकलं नाय." मी तुमच्या पानात भाकरी वाढली.

आप्पा, ते कुलूप मी घासलं होतं. लावताना चारही चकत्या फिरवल्या, मुद्दाम. तुम्हाला एकदा अद्दल घडावी, एवढंच मनात होतं. फिरवण्याआधीचा आकडा मीही नीट पाहिला नव्हता; सांगून काही कुलूप उघडणार नव्हतं, असं तेव्हा मी मनाला समजावलं. पण चौकशीच्या दिवशी तर सांगता आलं असतं. साहेबांनी विचारलं, चकत्या कुणी फिरवल्या? तुम्ही म्हणालात, माझ्याच हातून फिरल्या असतील. जबाब टाइप करायला मलाच बसवलं होतं. तुमचे शब्द मी जसेच्या तसे टाइप केले आणि कागद सहीसाठी तुमच्यापुढे ठेवला.