पांढरं कलिंगड

आई, आज रविवार, बारा एप्रिल. सकाळी पाणी भरलं, कपडे वाळत घातले. खालच्या मजल्यावरची सून, ऐरोलीला नोकरी करते ती, जिन्यात विचारत होती, "काकू, कुंडीत कलिंगड होतं का हो?" मी म्हटलं, वेल तर वाढतो. दुपारभर तेच मनात घोळत राहिलं, म्हणून लिहायला बसले.

वाशीला बैठं घर मिळालं तेव्हा मी कॉलेजात होते. गिरगावातली खोली सोडायला तू तयार नव्हतीस. "मेपर्यंत बघू, नाही करमलं तर परत," असं बाबांना बजावून तू खोली काकांच्या ताब्यात तशीच ठेवली होतीस. इथे संध्याकाळी खाडीचा वास, दाराशी भाजीवाला नाही, बोलायला शेजार नाही. बाबांनी बेलापूरहून गोणीतून चांगली माती आणली आणि मागच्या अंगणात कलिंगडाच्या बिया टोचल्या, कारण तुझ्या माहेरी भात काढल्यावर शेतात कलिंगडं लावत. ऑफिसातून आले की पँट दुमडून पाणी घालायचे. फळ एकच धरलं. रोज ते त्याला टिचकी मारून कान लावायचे आणि तू खिडकीतून म्हणायचीस, "ताप उतरला का त्याचा?"

मग एका रविवारी काका-काकू आले, खोलीचं काय ते विचारायला. काका दारातूनच म्हणाले, "काय वहिनी, वनवास संपला की नाही?" बाबांना राहवलं नाही. फळ अजून वेलावर राहायला हवं होतं, पण त्यांनी ते काढलं आणि सगळ्यांसमोर चिरलं. अजून दिसतंय मला. आत सगळं पांढरं, मधोमध जरासं गुलाबी, बियासुद्धा पांढऱ्या. काका म्हणतात, "दादा, दुधी लावला होतास का रे?" काकू तोंडाला पदर लावते. बाबा सुरी हातात धरून तसेच उभे आहेत. आणि तू आतून येतेस, परात उचलतेस. "हसू नका भावजी. मीच कच्चं काढायला सांगितलं. आमच्याकडे भाजी करतात याची."

तू असं काही सांगितलं नव्हतंस. मी घरातच होते.

मिरची आणि ओलं खोबरं घालून तू भाजी केलीस. जेवताना काकांनी विचारलंच, "मग खोलीचं काय करायचं, वहिनी?" तू बाबांच्या ताटात भाजी वाढत होतीस. "तुमच्या मेव्हण्याला हवी होती ना? देऊन टाका. आमचं आता इथेच." बाबांनी मान वर केली नाही. भाजी मात्र पुन्हा मागून घेतली.

तुला तोवर इथे करमायला लागलं होतं, की बाबांना तसं उभं राहिलेलं बघवलं नाही म्हणून बोललीस, हे विचारायचं राहून गेलं. बाबा असताना विचारण्यासारखं नव्हतं, आणि ते गेल्यावर तू फार बोलायची नाहीस.

एक सांगते. ती भाजी बेचव झाली होती. मी छान झालीय म्हणाले होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. सात वाजत आले. उठून एकटीपुरता भात लावते.